जुनं हीटिंग बदलायचं बिल कोणाचं? ब्रिटनमधल्या कोट्यवधी बर्नरची गोष्ट

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना जे 'म्हणजे', 'बघा', 'अॅक्च्युअली' निघाले होते, त्यातले निम्मे काढलेत. उरलेले सांभाळून घ्या.

घरी पाइप गॅसचं कनेक्शन आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना एक छोटी गोष्ट आठवत असेल. मीटर लागला, पाइप जोडला, की फिटर आपली नेहमीची शेगडी उलटी करतो, आतला पितळी जेट काढतो आणि दुसरा बसवतो. भोक जरा मोठं असलेला. कारण सिलिंडरमधल्या एलपीजीत तेवढ्याच आकारमानात जास्त उष्णता असते आणि पाइपातून येणाऱ्या नैसर्गिक वायूत कमी. त्यामुळे तेवढीच आच हवी तर गॅस जास्त सोडावा लागतो. जेट बदलला नाही तर ज्योत मिणमिणते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. शेगडी तीच, भांडी तीच, फक्त गॅस बदलला.

आता हेच काम सव्वा-दीड कोटी घरांत, रस्त्यामागून रस्ता घेत, दहा वर्षांत करायचं असेल तर? आणि ते घरमालकाकडून एक पैसाही न घेता? हे खरोखर झालंय. ब्रिटनमध्ये, १९६७ ते १९७७ या काळात. आज त्याची गोष्ट सांगायचीय, आणि सांगायचं कारण माझा मावसभाऊ.

दादा इंग्लंडमध्ये असतो. लेस्टरच्या बाजूला त्याने १९६०च्या दशकात बांधलेलं एक घर घेतलं. घराचं सेंट्रल हीटिंग जुनं झालंय. सेंट्रल हीटिंग म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईत बसून चटकन डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून सांगतो. घरात एक बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, ते पाणी भिंतींतून आणि फरशीखालून गेलेल्या पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरतं, खोली गरम करतं आणि गार होऊन परत बॉयलरकडे येतं. आपल्याकडचा गीझर अख्ख्या घराच्या भिंतींना जोडलाय असं समजा.

दादाने दोन कोटेशनं मागवली. जुना गॅस बॉयलर काढून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर साधारण ३ हजार पौंड. त्याऐवजी विजेवर चालणारा हीट पंप बसवायचा तर १३ हजारांच्या आसपास. त्यातले ७,५०० सरकार देतं, उरलेले त्याने द्यायचे. फोनवर तो म्हणाला, "अरे, पैशाचं एक वेळ जाऊ दे. पण त्या यादीत पंपाची किंमत निम्मीसुद्धा नाहीये. बाकीचे पैसे नक्की कशाचे?"

मी कोड लिहिणारा माणूस आहे. हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटला. जुनी सिस्टिम बदलताना नव्या सर्व्हरचा खर्च कधीच मोठा नसतो. मोठा खर्च असतो तो आधीच्या लोकांनी घेतलेले निर्णय उलटवण्याचा. दादाच्या घरात ते निर्णय कोणी आणि कधी घेतले, हे शोधत गेलो, तर गोष्ट थेट १९५२ सालच्या धुक्यापर्यंत गेली.

५ डिसेंबर १९५२. लंडनवर उबदार हवेचं झाकण बसलं आणि पाच दिवस हललं नाही. त्याच्याखाली वीजकेंद्रांचा, कारखान्यांचा आणि लाखो घरांच्या चिमण्यांचा धूर साचत गेला. त्या वेळी सामान्य इंग्रजी घरात उष्णता म्हणजे बैठकीच्या खोलीत उघड्या शेकोटीत जळणारा दगडी कोळसा. बाकीच्या खोल्या गारठलेल्याच. सुरुवातीला सरकारी आकडा आला सुमारे ४ हजार मृत्यूंचा. नंतरच्या अभ्यासकांनी तो १२ हजारांपर्यंत नेला.

यानंतर १९५६चा क्लीन एअर अॅक्ट आला. इतिहासाच्या पुस्तकात हा कायदा 'प्रदूषण' या धड्यात भेटतो, पण मला त्यातलं पैशांचं कलम सगळ्यांत भारी वाटतं. नगरपालिकेने एखादा भाग 'धूरबंदी'चा जाहीर केला, की तिथल्या लोकांना आपापल्या शेकोट्या बदलून घ्याव्या लागत. बिनधुराच्या कोळशाची, गॅसची, नाहीतर विजेची सोय करायची. आणि त्या बदलाच्या वाजवी खर्चातला सात दशांश भाग घरमालकाला किंवा भाडेकरूला परत मिळायचा. त्यातला चार दशांश केंद्र सरकारच्या तिजोरीतून, तीन दशांश नगरपालिकेकडून. उरलेला तीन दशांश ज्याचं घर त्याने सोसायचा.

म्हणजे धूर माझ्या चिमणीतून निघतो, पण खोकला अख्ख्या गल्लीला येतो, तेव्हा चिमणी बदलायचं बिल फक्त माझं कसं, हा विचार तिथे १९५६ सालीच कायद्यात लिहून झाला होता. तरी सगळं सुरळीत झालं असं नाही. उत्तरेकडच्या खाणपट्ट्यांत कामगारांना पगाराचा भाग म्हणून कोळसा मिळायचा. त्यांच्या दृष्टीने हा कायदा म्हणजे घरात फुकट येणारं सरपण बंद करून विकतचं इंधन घ्या, असं सांगणं. तिथल्या अनेक नगरपालिकांनी धूरबंदी जाहीर करायला वर्षानुवर्षं लावली. सत्तर टक्के बदलासाठी मिळाले, तरी पुढची इंधनाची बिलं कोण भरणार, हा प्रश्न राहतोच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता गॅस. त्या काळी ब्रिटनमध्ये पाइपातून येणारा गॅस जमिनीतून किंवा समुद्रातून येत नसे, तो गावातल्या गॅस कारखान्यात तयार होई. बंद भट्टीत कोळसा तापवायचा, निघणारा वायू धुऊन-गाळून लोखंडी टाक्यांत साठवायचा आणि पाइपातून घरोघरी सोडायचा. याला टाऊन गॅस म्हणत. मुंबईकरांना हे परकं नको वाटायला. १८६०च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर दिवे लागले ते अशाच कोळशाच्या गॅसवर, आणि लालबागला 'गॅस कंपनी लेन' हे नाव अजून टिकून आहे.

टाऊन गॅसमध्ये जवळपास निम्मा हायड्रोजन असे, बाकी मिथेन आणि बराचसा कार्बन मोनॉक्साइड. हा शेवटचा भाग विषारी. गळती झाली, की आग लागायच्या आधी माणूस गुदमरून जायचा.

१९४९ साली हा सगळा उद्योग सरकारने ताब्यात घेतला. त्या वेळी हजाराहून जास्त छोट्या-मोठ्या गॅस संस्था होत्या. त्यांचे १२ विभागीय गॅस बोर्ड झाले. उद्योग तसा मरणपंथालाच लागला होता. कोळसा महागत होता, वीज स्वस्त होत होती, लोक गॅसला जुनाट समजत. मग दोन गोष्टी घडल्या. एक, १९५९ साली 'मिथेन पायोनिअर' नावाच्या जहाजातून अमेरिकेतला नैसर्गिक वायू अतिथंड द्रव करून टेम्स नदीच्या मुखाशी असलेल्या कॅन्व्ही बेटावर आणला गेला. या प्रवासात जहाजावर डेनिस रूक नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. हे नाव लक्षात असू द्या. दुसरी गोष्ट, सप्टेंबर १९६५ मध्ये 'सी जेम' या तळावरून खोदताना उत्तर समुद्राच्या तळाखाली गॅस सापडला. त्याच वर्षी २७ डिसेंबरला हा तळ कोसळून बुडाला आणि १३ माणसं गेली. गॅसच्या किमतीबद्दल बोलताना हा आकडा सहसा कोणी घेत नाही.

मार्च १९६७ मध्ये समुद्रातला गॅस किनाऱ्यावर पोहोचला. आणि इथे एक निर्णय घ्यायचा होता. इंजिनिअर मंडळींनो, हा भाग खास तुमच्यासाठी.

समुद्रातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. टाऊन गॅसच्या मानाने त्याच्यात तेवढ्याच आकारमानात जवळपास दुप्पट उष्णता. तो हळू जळतो, त्याला हवा जास्त लागते. टाऊन गॅसच्या बर्नरमध्ये सोडला तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते, नीट जळत नाही. म्हणजे देशातली प्रत्येक शेगडी, प्रत्येक गॅस हीटर, प्रत्येक गीझर आहे त्या स्थितीत निरुपयोगी.

पर्याय दोन. पहिला, कारखान्यातच मिथेनवर प्रक्रिया करून त्याचा टाऊन गॅससारखा गॅस करायचा आणि तोच पाठवायचा. ग्राहकाला कळणारसुद्धा नाही. आपल्या भाषेत बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी: मागे सगळं बदललं तरी समोरचा इंटरफेस तोच. दुसरा पर्याय, गॅस आहे तसाच पाठवायचा आणि देशातलं प्रत्येक उपकरण बदलायचं.

त्यांनी दुसरा निवडला. कारण साधं होतं. दुप्पट उष्णतेचा गॅस त्याच जुन्या पाइपातून गेला, तर रस्ता न खोदता पाइपांची क्षमता दुप्पट होते. शिवाय सगळे गॅस कारखाने बंद करता येतात. पहिला पर्याय वरवर स्वस्त होता, पण प्रक्रियेचा खर्च कायमचा मागे लागला असता. दुसऱ्यात एकदाच मोठा त्रास. माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत दुसरा पर्याय एकदाही मंजूर झालेला मी पाहिलेला नाही. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि शेवटी अॅडॉप्टर लिहिला जातो.

आधी चाचणी झाली. १९६६ साली कॅन्व्ही बेटावर सुमारे ८ हजार ग्राहकांची उपकरणं बदलून पाहिली. नेमक्या किती प्रकारच्या शेगड्या लोकांच्या घरात आहेत, हे तिथे कळलं, आणि ते कळणं महत्त्वाचं ठरलं. १९३०च्या दशकातली ओतीव लोखंडाची शेगडी, कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचा गीझर, घरमालकाने स्वतःच जुगाड करून जोडलेला हीटर. कागदावर कुठेही नोंद नसलेल्या वस्तू.

मग देशभर काम सुरू झालं. पद्धत अशी. शहराचे छोटे भाग पाडायचे. बदलाच्या बरेच आधी माणसं घरोघर जाऊन प्रत्येक उपकरणाची यादी करून जात. त्या यादीवरून प्रत्येक घराच्या सुट्या भागांची जुळणी होई. ठरलेल्या दिवशी त्या भागाचे व्हॉल्व्ह बंद करून तो बाकीच्या जाळ्यापासून तोडायचा, पाइपातला जुना गॅस जाळून संपवायचा, नवा सोडायचा, आणि फिटरांच्या टोळ्या दारोदार. आधी स्वयंपाकाचं, मग बाकीचं. शेगडी अगदीच बदलण्यापलीकडची असेल, तर गॅस बोर्ड नव्या शेगडीवर सवलत देई. हिवाळ्यात घर गार पडू नये म्हणून घाई, आणि घाईत चुका. अर्धवट शिकवलेले कंत्राटी फिटर, परत परत मारावे लागणारे फेरे, वर्तमानपत्रांत तक्रारींचा पाऊस. स्फोटांच्या बातम्या वाढल्यावर १९७० साली प्राध्यापक फ्रँक मॉर्टन यांनी सुरक्षिततेची चौकशी केली. त्यानंतरही काम थांबलं नाही.

१९७७ साली ते संपलं. सुमारे १ कोटी ३० ते ४० लाख ग्राहक. साडेतीन ते चार कोटी उपकरणं. खर्च ५० कोटी पौंडांहून जास्त, तोही त्या काळचे पौंड. शिवाय आयुष्य शिल्लक असलेले गॅस कारखाने मोडीत निघाले, त्यांचं नुकसान वेगळं.

आणि घरमालकाच्या हातात आलेलं बिल? शून्य.

आता 'शून्य' म्हटल्यावर आपल्यातल्या हिशेबी माणसाच्या भुवया वर जायलाच हव्यात. फुकट काहीच नव्हतं. हा खर्च पुढच्या अनेक वर्षांच्या गॅसदरात वसूल झाला, म्हणजे शेवटी भरला ग्राहकांनीच. पण तो सगळ्यांनी मिळून, हप्त्याहप्त्याने भरला, आणि समुद्रातला गॅस इतका स्वस्त पडत होता की तो टोचला नाही. चार शेगड्यांचं घर आणि एका शेगडीवर भागवणारी म्हातारी, दोघांच्याही दारात फिटर आला. कोणालाही कोटेशन मागवावं लागलं नाही, कर्ज काढावं लागलं नाही, 'आपल्याला परवडेल का' हा प्रश्नच आला नाही. मला विचाराल तर या सगळ्या कामातली सर्वांत हुशार गोष्ट बर्नर नव्हता, बिलाची रचना होती.

फायदेही दिसले. नैसर्गिक वायूत कार्बन मोनॉक्साइड नसल्याने गॅसच्या विषबाधेने होणारे मृत्यू घटून जवळजवळ नाहीसे झाले. स्वस्त गॅसमुळे सेंट्रल हीटिंग मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. १९७० साली साधारण तीनातल्या एका घरात ते होतं, १९९०च्या सुमारास पाचातल्या चार घरांत. दादाच्या घरातले रेडिएटर याच लाटेतले.

एक छुपं बिलही होतं. टाऊन गॅस दमट असायचा. जुन्या ओतीव पाइपांच्या सांध्यांत भरलेला ताग त्या ओलाव्याने फुगून राहायचा. नवा गॅस कोरडा. ताग सुकला, सांधे गळू लागले. हे निस्तरायला पुढची कित्येक वर्षं गेली. २००२ साली तर घरांजवळचे सगळे लोखंडी गॅस पाइप ३० वर्षांत बदलायचा कार्यक्रम सुरू झाला. तोही लोकांच्या बिलातूनच चाललाय. इंग्लंडमध्ये रस्ता खणून पिवळे प्लॅस्टिकचे पाइप टाकताना दिसले, तर ते हेच.

याच देशाचा एक भाग मात्र या कामातून सुटला. खरं तर सोडला गेला. उत्तर आयर्लंड.

बेलफास्टमध्येही टाऊन गॅस होता. पण समुद्रातला गॅस तिथवर न्यायचा तर समुद्राखालून पाइप टाकावा लागणार, आणि ग्राहक कमी. ते झालं नाही. मग आयर्लंड प्रजासत्ताकाच्या किन्सेल क्षेत्रातून गॅस आणायचा करार १९८३ साली झाला, तोही पुढच्याच वर्षी लंडनच्या सरकारने परवडत नाही म्हणून सोडून दिला. टाऊन गॅसचा उद्योग बंद करायचं ठरलं आणि १९८०चं दशक संपेपर्यंत तो संपला. लोकांनी काय केलं? ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे कोळसा, वीज, आणि पुढे मोठ्या प्रमाणात घरामागे टाकी ठेवून तेल. स्कॉटलंडहून गॅसचा पाइप आला तो १९९६ साली. तोवर उशीर झाला होता. प्रत्येकाने तेलाच्या टाकीत आणि तेलाच्या बॉयलरमध्ये पैसे घालून ठेवले होते. आजही तिथली निम्म्याहून जास्त घरं तेलावरच गरम होतात, आणि तेलाचे भाव भडकले की हिवाळ्याआधी टाकी भरायला एकदम मोठी रक्कम काढावी लागते. १९८४ साली सरकारचा खर्च वाचला. तो घराघरांत वाटला गेला, इतकंच.

आता मघाचे डेनिस रूक. जहाजावरचा तो इंजिनिअर १९७६ साली ब्रिटिश गॅस कॉर्पोरेशनचा अध्यक्ष झाला आणि सरकार ही संस्था विकायला निघालं तेव्हा त्याने कडवा विरोध केला. १९८६ साली ती विकली गेलीच, 'सिडला सांगा' अशी जाहिरात करून. खाजगीकरण बरं की वाईट हा वाद मला इथे घालायचा नाही. मला फक्त एवढं दिसतं, की त्यानंतर घरातलं हीटिंग हा संपूर्णपणे घरमालक आणि त्याचा प्लंबर यांच्यातला मामला झाला. रस्ता किंवा गाव हे एकक संपलं.

याच काळात घराच्या आतही एक बदल झाला, आणि दादाच्या कोटेशनचं अर्धं उत्तर त्यात आहे. जुन्या पद्धतीत बॉयलरबरोबर गरम पाण्याची एक मोठी टाकी असे, जिन्याजवळच्या एका कपाटात. त्या उबदार कपाटात लोक कपडे वाळवायचे. मग 'कॉम्बी' बॉयलर आले. नळ उघडला की लगेच पाणी तापवणार, टाकीची गरजच नाही. लोकांनी टाक्या काढून टाकल्या, कपाटाची जागा वापरात आली. बारीक, आठ मिलिमीटरचे तांब्याचे पाइपही अनेक घरांत आले, कारण बसवायला सोपे. बॉयलर ७०-८० अंशांचं पाणी पाठवतो, त्यामुळे पाइप बारीक आणि रेडिएटर छोटे असले तरी चालून जायचं. इंधन स्वस्त म्हणून भिंतींतून किती उष्णता गळते हे कोणी फारसं पाहिलं नाही.

सरकारने मध्ये मध्ये ढकललं. २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवा बॉयलर शक्यतो कन्डेन्सिंग प्रकारचाच, म्हणजे धुराड्यातून जाणारी उष्णताही पकडणारा, असा नियम आला. २०१० साली जुनाट बॉयलर काढणाऱ्यांना ४०० पौंडांची व्हाउचर दिली, सव्वा लाख. ती काही आठवड्यांत संपली. ही योजना मला जरा गमतीची वाटते. ४०० पौंड तेव्हाच उपयोगी, जेव्हा वरचे दोन हजार तुमच्या खिशात आधीपासून असतात.

आणि आता हीट पंप. हा म्हणजे उलटा एसी. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता. पण तो खूश असतो ३५ ते ५० अंशांच्या पाण्यावर. पाणी कोमट, तर खोली तेवढीच गरम करायला रेडिएटर मोठे हवेत. मोठ्या रेडिएटरना जास्त पाणी हवं, म्हणून बारीक पाइप बदलायचे. तो नळाला लागलीच गरम पाणी देऊ शकत नाही, म्हणून टाकी परत हवी, म्हणजे ते कपाटही परत हवं. भिंतींतून गळती असेल तर आधी ती बुजवा. कधीकधी विजेचं कनेक्शनही वाढवा.

तर दादा, बाकीचे पैसे याचे आहेत. पंप एक यंत्र आहे. उरलेली यादी म्हणजे १९७०, १९८० आणि १९९०च्या दशकांत, गॅस कायम स्वस्त राहील असं धरून तुझ्या घरात घेतलेल्या निर्णयांची परतफेड आहे. तेव्हा तू जन्मलाही नव्हतास किंवा बारामतीत शाळेत होतास, पण घराबरोबर तेही तुझ्या नावावर झाले.

त्यात बदलानंतरच्या बिलाचा प्रश्न आहेच, तो खाणकामगारांचा जुनाच प्रश्न. २०२४च्या शेवटच्या तिमाहीत ब्रिटनच्या सरकारी दरमर्यादेत वीज साडेचोवीस पेन्स युनिट होती आणि गॅस सव्वासहा पेन्सच्या आसपास. म्हणजे वीज जवळपास चौपट महाग. पंपाने एकाचे तीन केले तरी घरमालक फारसा नफ्यात येत नाही. वर, पर्यावरणासाठीचे अधिभार इतकी वर्षं मुख्यतः विजेच्या बिलावर लादले गेले, गॅसच्या नाही. तेरा हजार खर्चून माणसाला दरमहा काहीच वाचलेलं दिसलं नाही, तर शेजारी कशाला बसवेल?

इथे एक सावधगिरी. १९७०चं काम आणि हे काम अगदी एकसारखं नाही. तेव्हा बर्नर बदलला, आज अख्खी यंत्रणा बदलावी लागते. तेव्हा मालक एकच होता आणि नवा गॅस जुन्यापेक्षा स्वस्त होता. तरीही वेगाचा फरक डोळ्यांत भरतो. तेव्हा वर्षाला सरासरी १३ लाखांहून जास्त ग्राहक. ब्रिटनने २०२० साली ठरवलेलं उद्दिष्ट होतं २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाख हीट पंप, आणि २०२३ मध्ये बसले साधारण ६० हजार.

जर्मनीतल्या आपल्या श्रोत्यांना हे सगळं ऐकून २०२३ आठवलं असेल. म्युनिक-स्टुटगार्टकडची मंडळी मला मेसेज करतीलच. तिथे नवं हीटिंग ६५ टक्के तरी अक्षय ऊर्जेवर हवं, असा कायद्याचा मसुदा फेब्रुवारीत फुटला. अनुदानाचे आकडे ठरायच्या आत सक्तीची बातमी घराघरांत पोहोचली. 'हीटिंगचा हातोडा' असं नाव पडलं, मंत्री रॉबर्ट हाबेक सगळ्यांच्या रोषाचे धनी झाले, जुलैमध्ये तर घटनात्मक न्यायालयाने खासदारांना वाचायला पुरेसा वेळ मिळाला नाही म्हणून मतदानच थांबवलं. शेवटी सप्टेंबरमध्ये कायदा झाला, तोवर अनुदान जास्तीत जास्त ७० टक्क्यांवर गेलं होतं. १९५६च्या लंडनमधल्या शेकोट्यांचा तोच सात दशांश! फरक क्रमाचा. तिथे सात दशांश कायद्यातच लिहिलेला होता, इथे तो भांडणानंतर आला. तोवर लोकांच्या मनात आकडा पक्का बसला होता, आणि तो यंत्राच्या पूर्ण किमतीचा होता.

ब्रिटनमध्ये जुना मार्ग परत चोखाळायचा प्रयत्नही झाला. एल्समियर पोर्टजवळच्या व्हिटबी या वस्तीत सुमारे दोन हजार घरांना नैसर्गिक वायूऐवजी हायड्रोजन द्यायची योजना होती. बॉयलर आणि शेगड्या फुकट बदलून मिळणार होत्या, रस्त्यामागून रस्ता, अगदी कॅन्व्हीसारखं. लोकांनी विरोध केला. आम्हाला प्रयोगशाळेतले उंदीर करू नका, म्हणाले. स्फोटाची भीती होती, पण त्याहून जास्त राग याचा होता, की आपल्याला विचारलंच नाही आणि प्रयोग संपल्यावर पुढची बिलं कोण भरणार हे कोणी नीट सांगत नाही. जुलै २०२३ मध्ये ती योजना सोडून दिली गेली. दुसरी वस्ती होती रेडकार. तिथला प्रयोग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द झाला, कारण घरांना पुरेल एवढा हायड्रोजनच जवळपास मिळणार नव्हता. टाऊन गॅसमध्ये निम्मा हायड्रोजन असायचा, हे मगाशी सांगितलंच.

दादाने अजून कुठलंच कोटेशन स्वीकारलेलं नाही. बॉयलरच्या सर्व्हिसिंगवर आणखी एक हिवाळा काढतोय.

पुढच्या भागात लालबागची गॅस कंपनी. तुमच्या घरी आजी-आजोबांपैकी कोणाला मुंबईतला कोळशाचा गॅस किंवा ते रस्त्यावरचे दिवे आठवत असतील, तर त्यांचा दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज नक्की पाठवा.